एका संख्येची कुळकथा : प्रस्तावना

बुद्धिबळाच्या पटाच्या पहिल्या घरात धान्याचा एक दाणा, दुसऱ्या घरात दोन, तिसऱ्यात चार, याप्रमाणे प्रत्येक घरात मागच्या घराच्या दुप्पट दाणे मागणाऱ्या चतुर विद्वानाची कथा मराठी वाचकाला नवी नाही. राजाने ती मागणी हसत हसत मान्य करावी आणि कोठीवरच्या कारकुनाने हिशेब मांडून, सरकारी कोठारेच काय, साऱ्या पृथ्वीचे पीकही त्यास पुरे पडणार नाही असे घाबऱ्या घाबऱ्या येऊन कळवावे, एवढ्यावर ती संपते आणि ऐकणारा संख्येच्या आकाराने थक्क होऊन उठतो. प्रस्तुत लेखकाला मात्र ती कथा जेथे संपते तेथेच गणिताचा आरंभ होतो असे पूर्वीपासून वाटत आले आहे. चौसष्ट घरांतील दाण्यांची बेरीज १८४४६७४४०७३७०९५५१६१५ ही वीस अंकी संख्या होय. ती ३, ५, १७, २५७, ६४१, ६५५३७ आणि ६७००४१७ या सात संख्यांचा गुणाकार आहे, आणि ऑयलरने १७३२ साली यांतील ६४१ हा अवयव शोधून काढल्यानंतर तिच्या फोडीत विशेष अडचण उरली नाही. आता त्या पटाला आणखी तीनच घरे जोडली अशी कल्पना करावी. सदुसष्ट घरांची बेरीज १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ इतकी भरते, म्हणजे आकाराने मागच्या बेरजेच्या जेमतेम आठपट. पण हिचे अवयव हाती लागावयास १९०३ साल उजाडावे लागले. तीन घरांच्या अंतरासाठी एकशे एकाहत्तर वर्षे का लागावीत, या एका प्रश्नातून हे पुस्तक जन्माला आले.

संख्या मोठी असणे आणि संख्या अवघड असणे या गोष्टी निराळ्या आहेत, हे या क्षेत्रात नव्याने पाऊल टाकणाराने प्रथम मनाशी पक्के करावे. नुसत्या मोठेपणाचे भय आपल्याकडील गणितज्ञांना कधीच वाटले नाही. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) एक, दश, शत, सहस्र येथून आरंभ करून अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकु, जलधि अशा पायऱ्या चढत परार्धापर्यंत अठरा स्थाने सांगितली आहेत, आणि परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. आमची संख्या परार्धाच्या चौदाशे पंचाहत्तर पटी भरूनही वर उरते, त्यामुळे तिच्यापुरती ती नामावली तोकडी पडते. परंतु संख्येला नाव नसले म्हणून तिचे काही अडत नाही. संख्येची खरी ओळख तिच्या कुळावरून पटते, आणि तिचे कूळ म्हणजे तिचे मूळ अवयव. एकाहून मोठी कोणतीही पूर्ण संख्या एकतर स्वतः मूळ असते, नाहीतर मूळ संख्यांच्या गुणाकाराच्या रूपाने, क्रमाचा भेद सोडल्यास, एकाच प्रकारे मांडता येते, हा अंकगणिताचा पायाभूत सिद्धांत आहे. परंतु अशी फोड अस्तित्वात आहे असे ठामपणे सांगणे आणि ती फोड प्रत्यक्ष काढून दाखविणे यांत किती अंतर असावे, याविषयी तो सिद्धांत एक अक्षरही बोलत नाही. त्या मौनातच या शास्त्राचा निम्मा इतिहास सामावला आहे.

त्या इतिहासाचा उगम शोधू गेल्यास युक्लिडाजवळ जावे लागते. स्वतःखेरीज इतर सर्व विभाजकांच्या बेरजेइतकी असणारी संख्या ती परिपूर्ण संख्या. ६ चे तसे विभाजक १, २, ३ आणि त्यांची बेरीज ६, तसेच २८, ४९६ आणि ८१२८. युक्लिडाने असे दाखविले की दोनाच्या एखाद्या घातातून एक वजा करून मूळ संख्या मिळाली, तर तिला दोनाच्या लगतच्या खालच्या घाताने गुणले असता परिपूर्ण संख्या मिळते. आणि सर्व सम परिपूर्ण संख्या याच साच्यातून निघतात हे पुढे दोन सहस्र वर्षांनी ऑयलरने सिद्ध केले. साहजिकच, दोनाच्या कोणत्या घातातून एक वजा केला असता मूळ संख्या मिळते हा प्रश्न ऐरणीवर आला. घातांक संयुक्त असेल तर ती आशाच नको, कारण त्या घातांकाचे अवयव संख्येला तत्काळ फोडतात; पटाच्या चौसष्ट घरांची बेरीजही दोनाच्या चौसष्टाव्या घातातून एक वजा केल्याइतकीच असते, आणि ती इतक्या मुकाट्याने उलगडली त्याचे मर्म हेच. घातांक मूळ असला म्हणजे काम फत्ते झाले असेही नाही, कारण दोनाच्या अकराव्या घातातून एक वजा केल्यावर येणारे २०४७ हे २३ आणि ८९ यांच्या गुणाकाराइतके आहे. १६४४ साली पॅरिसमधील मारँ मेर्सेन या ख्रिस्ती संन्याशाने आपल्या ग्रंथात, २५७ पर्यंतचे कोणते घातांक मूळ संख्या देतात याची यादी प्रसिद्ध केली, आणि तीत ६७ हा अंक घातला. यादीला पुरावा जोडलेला नव्हता. मेर्सेन हा त्या काळच्या युरोपातील विद्वानांच्या पत्रव्यवहाराचा जणू पोस्टमास्तरच होता. त्याच्या शब्दाला वजन होते, आणि शहानिशा करण्याचे साधन कोणाजवळ नव्हते, यामुळे ती यादी तीन शतके अर्धवट विश्वासाने आणि अर्धवट संशयाने वागविली गेली. अखेर तीत पाच चुका ठरल्या : ६७ आणि २५७ हे अंक तीत असावयास नको होते, तर ६१, ८९ आणि १०७ हे असावयास हवे होते. यांपैकी ६१ ची चूक १८८३ साली पेर्वुशिन या रशियातील धर्मोपदेशकाने उघडकीस आणली. या शास्त्राच्या दप्तरात विद्यापीठांतील आचार्यांच्या बरोबरीने संन्याशांची, पुरोहितांची आणि शाळामास्तरांची नावे आढळतात, ही गोष्ट प्रस्तुत लेखकाला विशेष प्रिय आहे.

आता आमच्या संख्येची चौकशी कशी चालली ते पाहू. फेर्माच्या एका सिद्धांताप्रमाणे, तिला एखादा मूळ अवयव असलाच तर तो १३४ च्या कोणत्या तरी पटीपेक्षा एकाने अधिक असला पाहिजे. पुढे अशीही एक अट निघाली की त्याला आठाने भागले असता बाकी १ किंवा ७ च उरली पाहिजे. या दोन चाळण्यांनी बहुतेक सारे उमेदवार प्रथमच बाद होतात, परंतु जे उरतात त्यांची संख्याही लहान नाही. लहानात लहान अवयव गाठेपर्यंत सुमारे सव्वासात लाख उमेदवार ओलांडावे लागतात. यंत्राला हे काम डोळ्याचे पाते लवण्याइतके सोपे, पण कागद आणि बोरू घेऊन बसणाराला ती जन्माची वेठबिगार.

अवयव न शोधताही संख्या मूळ की संयुक्त याचा फैसला करता येतो, ही एकोणिसाव्या शतकाची देणगी. हे कसे शक्य आहे असे वाटणाऱ्या वाचकाने जुना नवाचा ताळा आठवावा. खतावणीतील बेरीज किंवा गुणाकार पडताळताना वडीलधारी माणसे अंकांची बेरीज करून नवाने उरणारी बाकी पाहत. ताळा चुकला तर हिशेबात चूक आहे हे निश्चित होई, पण चूक कोणत्या ओळीत आहे ते त्यावरून कळत नसे, आणि ताळा जुळला तरी हिशेब बरोबरच आहे अशी खात्री देता येत नसे. फेर्माचा सिद्धांत हा मूळ संख्यांचा असाच एक ताळा आहे. मूळ संख्येने तो पाळलाच पाहिजे. जी पाळत नाही ती निःसंशय संयुक्त, मग तिचे अवयव कोणाला ठाऊक असोत वा नसोत. परंतु काही संयुक्त संख्या हा ताळा बेमालूम जुळवून दाखवितात, आणि आमची संख्या त्या लबाडांपैकीच एक आहे : दोन हा पाया घेऊन केलेल्या फेर्माच्या परीक्षेत ती मूळ संख्येसारखीच निर्विकारपणे उतरते. म्हणून तिच्यासाठी अधिक कडक परीक्षा हवी होती. ती एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने १८७६ साली योजिली, आणि लेहमर या अमेरिकन गणितज्ञाने १९३० साली तिला आजचे सुटसुटीत रूप दिले. चारापासून आरंभ करावा. वर्ग करून दोन वजा करावे. येणाऱ्या अंकाला तपासावयाच्या संख्येने भागून केवळ बाकी ठेवावी. आणि घातांकापेक्षा दोनाने कमी इतक्या वेळा हाच क्रम चालवावा. शेवटी शून्य उरले तर संख्या मूळ, अन्यथा संयुक्त. दोनाच्या पाचव्या घातातून एक वजा केल्यावर येणाऱ्या ३१ साठी ४, १४, ८, ० असा क्रम येतो आणि प्रश्न मिटतो. ६७ साठी पासष्ट वेळा वर्ग करावे लागतात आणि शून्य काही येत नाही. ल्युकाने १८७६ सालीच ही संख्या संयुक्त असल्याचा निकाल दिला, मेर्सेनची यादी चुकली, आणि तरीही त्या संख्येचा एकही अवयव कोणाला माहीत नव्हता. आरोप शाबीत झाला होता, पण आरोपींची नावे गुलदस्तात होती.

ती नावे न्यूयॉर्क येथे १९०३ सालच्या ३१ ऑक्टोबरला अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल यांनी जाहीर केली : १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. कथा अशी सांगतात की कोल फळ्याजवळ गेले, अवाक्षर न काढता त्यांनी दोनाचा सदुसष्टावा घात काढून त्यातून एक वजा केला, मग फळ्याच्या दुसऱ्या बाजूस हे दोन अंक मांडून त्यांचा गुणाकार केला, दोन्ही उत्तरे तंतोतंत जुळली, आणि ते तसेच मुकाट्याने आपल्या जागी जाऊन बसले. सभेने टाळ्यांचा गजर केला. किती वेळ लागला असे पुढे विचारले असता तीन वर्षांचे रविवार असे उत्तर त्यांनी दिले, असेही म्हणतात. ही हकीकत एरिक टेंपल बेल यांच्या लेखणीतून पसरली, आणि बेल यांना गणितज्ञांच्या चरित्रांना फोडणी देण्याची सवय होती हे ध्यानात घेता तिच्यातील नाट्याचा भाग जपून घ्यावा हे बरे. निर्विवाद आहे तो गुणाकार, आणि त्यामागची पद्धत, जी कोल यांनी त्याच वर्षी छापलेल्या आपल्या निबंधात सांगितली आहे. वर्गशेषांच्या आधाराने उमेदवारांची छाटणी करीत करीत ते शेवटी योग्य माणसापाशी येऊन थांबले. मौनाची कथा रसिकांना आवडते, पण प्रस्तुत लेखकाच्या मते त्या छाटणीत अधिक रस आहे.

अवयव पाडण्याच्या विद्येचे असे अनेक संप्रदाय आहेत. संख्या दोन वर्गांच्या वजाबाकीच्या रूपाने मांडावी म्हणजे तिचे अवयव आपोआप हाती येतात, ही युक्ती आपल्याकडे नारायण पंडितांच्या ‘गणितकौमुदी’त (१३५६) आढळते आणि युरोपात फेर्माने ती पुन्हा शोधली. २०२७६५१२८१ ही संख्या फेर्माने अशीच फोडली : ४५०३० पासून एकेक पाऊल पुढे जात बाराव्या पावलाला, म्हणजे ४५०४१ च्या वर्गापाशी, तिचे आणि त्या वर्गाचे अंतर १०२० चा वर्ग निघाले, आणि ४४०२१ व ४६०६१ हे अवयव लाभले. विसाव्या शतकात हीच कल्पना विस्तारून पोमरन्स यांची वर्गचाळणी आणि पुढे संख्याक्षेत्रचाळणी निर्माण झाली. बीज तेच, केवळ मशागत निराळी.

दुसरा संप्रदाय एकेका संख्येच्या मागे लागत नाही. तो संख्यांची खानेसुमारी करतो. हार्डी आणि रामानुजन यांनी १९१७ साली सिद्ध केले की जवळजवळ सर्व संख्यांच्या बाबतीत निरनिराळ्या मूळ अवयवांची संख्या एका ठराविक, अतिशय मंद गतीने वाढणाऱ्या मापाच्या आसपास असते. आमच्या संख्येएवढ्या संख्येसाठी ते माप चाराच्या जरा आत येते. आमच्या संख्येला दोनच अवयव, आणि तीन घरे अलीकडच्या पटाच्या संख्येला सात. सरासरीचा नियम व्यक्तीला बांधून घेत नाही, हा अनुभव खानेसुमारीच्या अधिकाऱ्यांना काही नवा नसावा.

तिसरा संप्रदाय अंकांशी खेळणारांचा, आणि त्याच्या अग्रभागी आपले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. डहाणूस जन्मलेले, फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले आणि देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ पर्यंत शिकविणारे हे मास्तर ६१७४ या संख्येमुळे जगभर ओळखले गेले, पण प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या दुसऱ्या संख्या अधिक महत्त्वाच्या आहेत. २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ अधिक २०९ म्हणजे पुन्हा २९७. अनेक पंडितांनी हा प्रकार करमणुकीच्या सदरात टाकला, आणि त्यांची बाजूही अगदीच पोकळ नव्हती, कारण अंक हे संख्येचे वस्त्र आहे, शरीर नव्हे. दहाच्या ऐवजी दोनाचा पाया घेतला की वस्त्र पार पालटते, आणि आमची एकवीस अंकी संख्या एकसारख्या सदुसष्ट एकांची निव्वळ रांग होऊन बसते. तथापि २००० साली इयानुच्ची यांनी दाखवून दिले की कापरेकर संख्यांचे सारे रहस्य दहाच्या घातातून एक वजा केल्यावर येणाऱ्या संख्यांच्या फोडीत आहे. ९९९ म्हणजे २७ गुणिले ३७. २९७ ला २७ ने निःशेष भाग जातो आणि त्याच्या अलीकडच्या २९६ ला ३७ ने. वस्त्राची वीण पाहू जावे तो आतून कुळाचीच खूण निघावी! इतकेच काय, द्विमान पद्धतीत सर्व सम परिपूर्ण संख्या कापरेकर संख्या ठरतात : सहाचा वर्ग १००१००, त्याचे १० आणि ०१०० असे दोन भाग केले की दोन आणि चार, मिळून सहा. मेर्सेनचा शब्द खरा ठरता, तर आमच्या संख्येच्या उदरातूनही अशी एक कापरेकर संख्या जन्मली असती.

असे असूनही हा सारा मामला विद्वानांच्या फावल्या वेळचा म्हणून राहिला असता, जर १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी त्याला व्यवहाराच्या बाजारात आणून बसविले नसते. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार करणे सोपे आणि तो गुणाकार पुन्हा फोडणे दुष्कर, या विषमतेवर त्यांनी गुप्तलेखनाची पद्धत उभारली. कुलूप चारचौघांत टांगावे आणि किल्ली मात्र अवयव जाणणाराच्याच कनवटीला असावी, असा हा बेत. त्याच वर्षी त्यांनी आव्हान म्हणून एक १२९ अंकी संख्या जाहीर केली, जी १९९४ साली सुमारे सहाशे स्वयंसेवकांच्या यंत्रांनी मिळून फोडली. २५० अंकी आव्हान २०२० साली पडले. त्याच मालिकेतील ६१७ अंकी संख्या अद्याप अभेद्य आहे. उलटपक्षी २००२ साली कानपूरच्या आय. आय. टी. तील मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी, कोणतीही संख्या मूळ आहे की नाही हे जलद आणि निःसंदिग्धपणे ठरविता येते हे सिद्ध करून तो पक्ष कायमचा निकालात काढला. म्हणजे आज परिस्थिती अशी आहे की २०२४ च्या ऑक्टोबरात सापडलेली, दोनाच्या १३६२७९८४१ व्या घातातून एक वजा करून येणारी, चार कोटींहून अधिक अंकांची संख्या मूळ आहे असे आम्ही ल्युकाच्या परीक्षेच्या बळावर निःशंक सांगतो, आणि सहाशे सतरा अंकांच्या एका संख्येपुढे, ती संयुक्त आहे एवढे पक्के ठाऊक असूनही, हात टेकतो. १८७६ आणि १९०३ यांच्यामध्ये जी सत्तावीस वर्षे गेली तीच ही दरी, आता साऱ्या जगाच्या पेढ्यांचा व्यवहार तिच्या काठावर चालतो. शोर यांनी १९९४ साली पुंज यंत्रांसाठी सुचविलेली रीत मोठ्या प्रमाणावर प्रत्यक्षात उतरली तर ही दरी बुजेल, आणि या धास्तीने नव्या कुलपांची बेगमी सुरूही झाली आहे.

एवढ्या विस्तीर्ण क्षेत्राचा नकाशा काढण्याची या पुस्तकाची प्रतिज्ञा नाही. मूळ संख्यांच्या वाटणीविषयीचे रीमानचे प्रसिद्ध अनुमान आणि त्याभोवती वाढलेले विश्लेषणाचे अरण्य यांत आम्ही जाणूनबुजून शिरलो नाही, कारण तेथे वाट दाखविण्यास लागणारी तयारी प्रस्तुत लेखकापाशी नाही आणि शालेय अंकगणिताच्या शिदोरीवर निघालेल्या वाचकापाशीही नसावी. येथे एकच संख्या घेतली आहे. तिला निरनिराळ्या काळातील माणसांनी जे जे प्रश्न विचारले, ते ते त्याच क्रमाने पुन्हा विचारावेत, आणि प्रत्येक पद्धत तिच्या अंगावर प्रत्यक्ष चालवून पाहावी, म्हणजे सिद्धांत हे आकाशातून पडलेले हुकूम न वाटता एखाद्या हट्टी साक्षीदाराची जबानी काढण्याच्या युक्त्या वाटू लागतील, असा आमचा मानस आहे. त्यापायी काही ठिकाणी विवेचन कंटाळवाण्या तपशिलात शिरले आहे हे मान्य. संगणकाने क्षणात होणारे काम हाताने करून दाखविण्याचा हट्ट सर्वांनाच रुचेल असे नाही. पण अवघडपणाची जाण बोटांतून यावी लागते, अशी आमची समजूत आहे.

याच कारणास्तव पुस्तकाच्या अखेरीस एक पान कोरे ठेवले आहे. त्याच्या माथ्यावर कोल यांचे दोन अवयव छापले आहेत. लहान अवयवात एक शून्य असल्याने गुणाकाराच्या आठच ओळी पडतील. प्रस्तुत लेखकाचा पहिला प्रयत्न पाचव्या ओळीतील एका हातच्यामुळे फसला आणि दुसरा बेरजेत. तिसऱ्या खेपेस उत्तर जुळले. दोन्ही अवयवांचा नवाचा ताळा एक येतो, आणि गुणाकाराचाही एकच यावयास हवा.